वस्तऱ्याची पाठ

दोघा भावांचं दुकान एक, खुर्च्या दोन आणि वस्तरा एकच. गिऱ्हाइकांसाठी अर्धं ब्लेड अडकवायचे नव्या पद्धतीचे वस्तरे होते, नाही असं नाही, पण दादा त्यांना वस्तरा म्हणायला तयार नसे. 'चिमटे' म्हणायचा. खरा वस्तरा वडिलांचा, हाडाच्या मुठीचा. तो गिऱ्हाइकाच्या गालाला लागत नसे. रोज सकाळी शटर अर्धंच वर करून दोघे भाऊ त्या वस्तऱ्याने एकमेकांची दाढी करत आणि मग दुकान उघडत.

कामाची वाटणी वडिलांनीच करून दिलेली. धार दादाने लावायची, कारण धाकट्याला धीर नाही. "धार माझी, हात तुझा," दादा म्हणायचा. तो सहाणेवर वस्तरा फिरवत असताना कुणी बोलायचं नाही, मध्ये हात घालणं तर लांबच. दाढी झाली की तो बोटांची मागची बाजू आपल्या गालावरून उलटी फिरवून बघे. कुठे खुंट लागला की धाकट्याची चंपी. पण लागतच नसे. धाकट्याचा हात म्हणजे हात होता, एक केस मागे राहायचा नाही. सहाणेला मात्र त्याने जन्मात हात लावला नाही. का लावावा? 'दादा आहे ना' एवढ्यावर त्याचं सगळं निभावून गेलं होतं.

आणि मग दादालाच विसर पडायला लागला. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग जिना कुठे उतरतो ते गेलं. वहिनी त्याला दुकानावरच्या खोलीतच ठेवायला लागली. धार लावायची असते हेही गेलं, तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एका सकाळी धाकट्याने वर जाऊन फेस लावला, दादाने सवयीने मान मागे टाकली आणि वस्तरा टेकताच तो किंचाळला, "ओढतोय! ओढतोय!"

मग जे जे सुचलं ते झालं. ब्लेड लावून पाहिलं, तर दादाची कातडी आधीच नाजूक, गालभर फोड आले आणि पुन्हा ब्लेड नको म्हणून डॉक्टरांनी हात जोडले. केस कापायचं मशीन नुसतं घरघरलं तरी दादा पलंगाखाली शिरायचा. कात्री चेहऱ्याजवळ आली की तो हात झाडायचा. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि दाढी वाढली.

वाढली तर वाढली, म्हाताऱ्या माणसाची दाढी, कुणाचं काय जातं? पण दादाचं जात होतं. घरात एक दाढीवाला शिरलाय, असं त्याच्या मनाने घेतलं. "तो बघ, आला. हाकल त्याला," म्हणून वहिनीचा पदर धरून थरथरायचा, ताटाला शिवायचा नाही. स्वतःलाच आरशात बघून घाबरतो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वहिनीने आरशावर चादर टाकली. भीती गेली नाही. मग खिडकीच्या काचेत दिसत असेल, म्हणून काचेवर कागद चिकटवले. तरी नाही. दादा दिवसेंदिवस वाळत चालला.

"भाऊजी, एकदा ती दाढी काढा हो," वहिनी म्हणाली. "स्वतःचा चेहरा दिसला तर चार घास तरी खातील."

दाढी तशी धाकट्याचीही वाढली होती. त्याच्या गालाला आजवर दादाखेरीज कुणाचा वस्तरा लागला नव्हता, आणि आता तिकडे लक्ष द्यायचीही त्याला इच्छा राहिली नव्हती. दिवसभर लोकांचे गाल गुळगुळीत करायचे आणि स्वतः रानटी फिरायचं. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, तो हसून घ्यायचा.

त्याने सहाण काढली. वस्तरा सहाणेवर टेकवायचा असतो, दाबायचा नसतो, हे त्याने हजारदा ऐकलं होतं. पण वर दादा घाबरून ओरडत असला की हाताला आपोआप जोर येतो. दुपारभर घासून त्याने तो मनगटावरच्या केसांवर फिरवून बघितला. वस्तरा केस कापत नव्हता, तोडत होता. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला, पुन्हा घासला, तेच. बाजारातल्या चाकूसुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे नेला, तर त्याने तो हातात फिरवून परत दिला. "हा माझ्या चाकावर धरला तर शिल्लक काय राहील? दादांकडे न्या की." सल्ला उत्तम होता. त्यात नवीन काही नव्हतं, इतकंच.

पण येताना वाटेत धाकट्याच्या डोक्यात तेच बसलं. दादांकडे न्या. का नाही?

त्याने वर जाऊन खिडकीपाशी पाट मांडला, त्यावर ओली सहाण ठेवली आणि वस्तरा दादाच्या हातात दिला. वहिनी जीव मुठीत धरून दारात उभी. दादाने वस्तरा उलटसुलट पाहिला. मग त्याचा अंगठा आपोआप जागेवर गेला, खांदे खाली आले आणि सहाणेवर तो जुना आवाज सुरू झाला, बारीक आणि सारखा. ओढ, पालट. ओढ, पालट. वहिनीने तोंडावर पदर धरला. धाकट्याला तर रडूच फुटलं. हात विसरले नव्हते!

थोड्या वेळाने आवाज पातळ झाला. धाकट्याने इतकी वर्षं तो ऐकला होता, त्याला बरोबर कळलं. याच घडीला दादा थांबायचा आणि केस उडवून बघायचा. आता थांबेल, धाकटा मनात म्हणाला. दादा थांबला नाही.

"दादा, झाली धार."

दादाने कोपराने त्याला दूर सारलं. सहाणेवर असताना बोलायचं नाही. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांत नव्हता तसा शांत होता, अगदी पूर्वीचा दादा. हिसकावून घ्यायचा तर धारेशी झोंबावं लागलं असतं, हे खरं. पण धाकट्याच्या मनाने घेतलं नाही, हेही तितकंच खरं. थोडा वेळ का होईना, भाऊ परत आला होता. त्याला परत कसं घालवायचं?

ऊन पाटावरून भिंतीवर गेलं तेव्हा दादाचा हात दमून सुटला. वस्तऱ्याची धार लाटेसारखी झिजली होती, कड पापुद्र्यासारखी वाकली होती, मध्ये दोन जागी दाते पडले होते. वडिलांचा वस्तरा संपला होता. त्याला पुन्हा ताळ्यावर आणील असा माणूस एकच होता, आणि तो सहाणेवरच्या पाण्यात बोट बुडवून पाटावर रेघा ओढत होता.

दादाने मान वर केली. समोरच्या माणसाकडे बघून तो आधी दचकला, मग आवाज चढवून म्हणाला, "अहो दाढीवाले, तुम्ही इथे का बसता रोज? माझा धाकटा येईल आता. दाढी करायला. हात हलका आहे त्याचा."

धाकट्याचा हात आपल्या दाढीवर गेला. आरसा, खिडकी, चादर, कागद! दाढीवाला तोच होता. रोज दादाच्या उशाशी तोच बसत होता.

तो जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आला. दुकानाच्या आरशासमोर चिमट्यात ब्लेड अडकवून त्याने घाईघाईत दाढी उतरवली, दोन ठिकाणी कापून घेतलं आणि तसाच, मानेला फेस लागलेला, वर गेला.

दादाचा चेहरा उजळला. "आलास? किती वेळ रे! तो मेला दाढीवाला बसला होता. चल, दुकान उघडायचंय." आणि त्याने मान मागे टाकली, गळा मोकळा केला, डोळे मिटले.

वहिनी रडत हसत गरम पाणी आणायला धावली. धाकट्याने फेस लावला. हातात तो दातेरी वस्तरा. दादाला पुन्हा किंचाळायला लावायचं? आज, ओळखल्यानंतर? त्याने वस्तरा उलटा धरला आणि बोथट पाठीने हलकेच फेस ओढला. गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून. दाढी होती तशीच, फक्त फेस निघत होता.

"वा," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "लागतसुद्धा नाही. हात म्हणजे हात आहे तुझा."

धाकट्याने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. दादा उठून बसला आणि नेहमीप्रमाणे त्याने बोटांची मागची बाजू गालावरून उलटी फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. मग डोळे उघडून समोरच्या गुळगुळीत चेहऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

आता रागावेल, चंपी करेल, म्हणून धाकटा वाट बघत होता.

दादा सरकत सरकत भिंतीला टेकला. "माझा धाकटा केस ठेवत नाही," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"