आरशासारखा सिलिंडर

सासऱ्यांची छाती कमजोर झाली आणि डॉक्टरांनी गॅरेजवरची खोली सोडायला सांगितली. धूर, रॉकेल, ग्रीस, काहीच नको. रविवारी मोठे दीर त्यांना आपल्या घरी न्यायला येणार होते. बाबांचं मागणं एकच होतं: जाण्याआधी जुन्या मोटारसायकलवरून पुलापर्यंत फेरी मारायची. हँडल त्यांच्या हातात, मागे माझा नवरा.

गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. नवऱ्याने इंजिन उघडलं. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून हुकूम सोडत होते. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख अडकेल अशी कड तयार झाली होती. बाबांनी डोळे मिटून आत बोट फिरवलं. म्हणाले, हिची गत माझ्यासारखीच झालीय, पण हिला निदान बोअर मारून नवा पिस्टन तरी घालता येतो.

बोअर मारून सिलिंडर आतून थोडा रुंद करून झाला, मग होनिंग. त्याचे दगड आतून फिरवले की सिलिंडरवर बारीक तिरप्या रेघांची जाळी उमटते. तेल त्या रेघांत धरून राहतं, आणि पिस्टनच्या नव्या रिंगा त्यांच्यावरच घासून जागेवर बसतात. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बाळालाही लवकरच होईल. गिऱ्हाइकांचे सिलिंडर नवरा असेच जाळी राखून द्यायचा. पण ही बाबांची गाडी. दुपारी त्यांचा डोळा लागला तसा हा बारीक पॉलिश पेपर घेऊन बसला. मी बाळाला खांद्यावर थोपटत खाली गेले, तर म्हणाला, बघ, तोंड दिसतंय. खरंच दिसत होतं. मीही कौतुक केलं.

रविवारी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. मागून निळा धूर आला. आधी वाटलं, जोडताना लावलेलं तेल जळतंय, थांबेल. थांबला नाही. गल्ली भरली. बाबा नाकाला रुमाल लावून मागे सरकले. खोकला आवरल्यावर त्यांनी विचारलं,

"आतून पेपर मारलास?"

"तुमची गाडी होती ना, बाबा."

"गिऱ्हाइकाची समजून करायचीस रे."

आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. पेपरने जाळीच पुसली गेली होती, म्हणून रिंगा बसत नव्हत्या आणि तेल वर चढून जळत होतं. पुन्हा होनिंग करायचं म्हणजे रिंगा नव्या हव्यात, आणि या जुन्या गाडीच्या रिंगा मागवाव्या लागतात. दिरांनी सामान आपल्या कारमध्ये ठेवलंच होतं. बाबांनी टाकीवरून हात फिरवला, बाळाचा गालगुच्चा घेतला आणि ते निघाले.

रिंगा आल्या तोवर बाबांना पलंगावरून उठवत नव्हतं. नवऱ्याने तरी सिलिंडर पुन्हा काढला, होनिंग केलं, आणि जाळीला हात लावला नाही. इंजिन सुरू झालं. सायलेन्सरमागे धरलेला पांढरा कपडा पांढराच राहिला. त्याने बाबांना फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला. बाबा बराच वेळ ऐकत होते.

"चांगलं बसलंय," ते म्हणाले. "जा, मारून ये फेरी."

"तुमच्याशिवाय कुठे जाऊ?"

"मग बंद कर. उगाच पेट्रोल जाळू नकोस."

नवऱ्याने इंजिन बंद केलं. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवेना.