पितळी नळावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. पाण्याचा नव्हे, बिअरचा. लगेच नाकं मुरडू नका. मोठं झाल्यावर तुम्ही काय प्यावं हे मी सांगणार नाही. मला फक्त माझ्यावर आलेल्या आळाबद्दल बोलायचं आहे, आणि मोठ्या माणसांना माझ्यासाठी वेळ नसतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका ओतशाळेत झाला. साच्यातून काढल्यावर मला घासूनपुसून लखलखीत केलं आणि डोक्यावर चिनी मातीची मूठ बसवली. तिच्यावर निळी फुलं आहेत, तीही हातानं रंगवलेली. मग भुशाने भरलेल्या पेटीत बसून, बोटीने मी सिंगापूरला आलो.

तिथे ईस्ट कोस्टच्या बाजूला एका दुमजली शॉपहाऊसमध्ये, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या इमारतीत, आमचा पब होता. सागवानी काउंटर, फुलाफुलांच्या फरशा, भिंतभर आरसा आणि वर आळसावलेले पंखे. काउंटरच्या मधोमध मी. तेव्हा समुद्र हाकेच्या अंतरावर होता. पुढे माणसांनी भर टाकून त्याला लांब ढकललं. पबचे मालक बदलत गेले, गिऱ्हाइकं बदलली, मी मात्र जागचा हललो नाही.

माझं नाव होतं ते फेसासाठी. जाणकार माणूस बिअरचा घोट घेण्याआधी फेस बघतो. माझा फेस चांगला दाट असायचा. पेला रिकामा होत जाई तशी काचेवर फेसाची वर्तुळं राहात. ती बघून लोक माझ्या मुठीवर थाप मारत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. थोडा गर्विष्ठ आहेच मी, लपवून काय उपयोग?

अशा जाणकारांतच निशिकांत होता. तो पुण्याचा, इथे बँकेत नोकरीला. पासिर रिसला राहणारे पद्माकरराव हे त्याचे वडीलधारे मित्र. दोघं शनिवारी शहरातले जुने पब बघत हिंडायचे. फरशांवरून हात फिरवायचे, आरशांच्या कडा न्याहाळायचे, तिथली बिअर चाखायचे आणि शेवटी माझ्यासमोर येऊन बसायचे. जुन्या मालकाने निवृत्त व्हायचं ठरवलं तेव्हा निशिकांतने चक्क बँक सोडली आणि पब चालवायला घेतला. त्याची बायको मेधा पाया लेबारच्या ऑफिसातून सुटली की मदतीला येऊ लागली.

पहिल्याच दसऱ्याला मेधाने मला चिंचेने घासलं. माहेरी तिच्या वडिलांचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथे प्रत्येक हत्यार पुसून त्याला तेलाचा हात द्यायची पद्धत होती. तिने मलाही खोबरेल चोळलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि नमस्कार केला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. मला भरून आलं.

मग दर शुक्रवारी तिने हा नेमच धरला. तेलाचा हात देऊन झाला की हातातलं फडकं ती काउंटरवर ठेवायची. त्याच फडक्याने पुढे पेले पुसले जायचे.

तेल हा फेसाचा वैरी. काचेला नखाएवढं जरी लागलं तरी फेस धरत नाही. हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

"बॉस, बिअरला आज फेसच नाही लाह," एक जुनं गिऱ्हाईक इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणालं. मग दुसऱ्यानेही तेच म्हटलं. निशिकांतने पिंपं बदलली, नळ्या धुतल्या, थंडावा वाढवून पाहिला. फेस यायचा आणि बघता बघता विरून जायचा. गिऱ्हाइकं गळू लागली. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"निशिकांत, वय झालंय त्याचं," पद्माकरराव म्हणाले. "दिसतो छान, पण आतून गेलाय."

"नका ना काढू त्याला. मी अजून नीट घासते," मेधा म्हणाली. त्या आठवड्यात तिने मला रोज तेल लावलं. फेस अधिकच बसला.

अखेर मला कापून काढलं. माझ्या जागी स्टीलचा नवा नळ आला. त्याला कुणी तेल लावत नव्हतं, म्हणून पेले स्वच्छ राहिले आणि फेस परत आला. झालं, माझ्यावरचा आळ सिद्ध झाला. मला आरशाशेजारी भिंतीवर टांगलं, वर दिवा सोडला. लोक फोटो काढत आणि निशिकांत सांगे, "हा आमचा जुना नळ. म्हातारपणी बिघडला." मला ते फार अपमानास्पद वाटायचं.

मेधाला मात्र राहवलं नाही. थोड्या दिवसांनी, शुक्रवार आला तशी स्टुलावर चढून ती मला पुन्हा तेल लावू लागली. आणि शुक्रवारी स्टीलच्या नळाचाही फेस बसू लागला. निशिकांत नळवाल्या कंपनीशी फोनवर भांडत होता. मेधा हातातल्या फडक्याकडे बघत उभी होती. तिने एक पेला त्या फडक्याने पुसला, दुसरा नुसता धुऊन निथळला आणि दोन्ही भरले. एकातला फेस लगेच मेला. दुसऱ्यातला तसाच राहिला. ती खाली स्टुलावर बसली.

दुसऱ्या दिवशी पद्माकरराव ओळखीच्या काही मंडळींना घेऊन पब दाखवायला आले. निशिकांतने माझ्याकडे बोट करून नेहमीचं वाक्य सुरू केलं.

"तो बिघडला नव्हता," मेधा मधेच म्हणाली. "मी त्याला तेल लावत होते, ते पेल्यांना लागत होतं. चूक माझी होती, नळाची नाही."

पद्माकररावांनी मान खाली घातली. निशिकांतने मला उतरवून परत बसवायची खटपट केली, पण माझे आटे कापले गेले आहेत. मी पुन्हा भिंतीवर आलो. आता निशिकांत सगळ्यांना खरी हकिगत सांगतो. माझं नाव परत मिळालं.

पण मेधा त्या दिवसापासून माझ्या जवळ येत नाही. शुक्रवारी ती माझ्याकडे पाठ करून पेले धुते. मी हिरवट पडत चाललो आहे, मुठीवरची निळी फुलं धुळीने दिसेनाशी झाली आहेत. मला तिचा राग नाही. सगळ्या मालकांत मला नमस्कार करणारी ती एकटीच.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जरूर माया करा, पण त्यांना काय सोसतं ते आधी बघा. आणि कधी आमच्या रस्त्याने गेलात तर मेधाला एवढं सांगा, की तेल नको, नुसतं कोरडं फडकं घेऊन आलीस तरी चालेल.