अर्धं शटर

मी शटर बोलतोय. ओतूरला मोहनशेठ कापडवाल्यांचं घर आहे, त्या घराच्या गॅरेजचं. वय वर्षं अठरा. रंग मूळचा राखाडी, सध्याचा सांगण्यासारखा नाही. माझ्याखाली आजवर एकच माणूस सापडला, आणि तोही स्वतः होऊन, मुद्दाम शिरला. त्याचं घर आज माझ्याखालून निर्धास्त ये-जा करतं याचा मला अभिमान आहे. अभिमान हा शब्द मी जपून वापरतो. तो रोज वापरायला मी काही सत्कार समारंभाचा पाहुणा नाही.

माझा जन्म १९९१ सालचा, नारायणगावच्या एका वर्कशॉपातला. पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींच्या कडेत अडकवल्या, खाली जाड तळपट्टी बसवली, दोन्ही बाजूंना सरकायच्या खाचा, वर पाइप आणि पाइपात तीन स्प्रिंगा. लोकांना वाटतं, शटर माणूस उचलतो. माणूस नुसता हात लावतो आणि वर गेल्यावर 'हुश्श' म्हणतो. उचलतात त्या स्प्रिंगा. पण त्या पाइपात असतात, दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याला तेल घालायची आठवण कोणाला होत नाही.

पहिली नऊ वर्षं मी मोहनशेठच्या दुकानाला होतो. शेठ मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या ओतूरात गेल्यामुळे भांडायचेसुद्धा अस्सल मराठीत. सकाळी मला हात लावून तो हात कपाळाला लावायचे, आणि लगेच कुलपाला शिव्या द्यायचे. असा दुहेरी मान मला रोज मिळे.

दुपारी एक ते चार मात्र मी ना उघडा ना बंद. व्यापारी पेठेत अर्ध्या शटरला अर्थ असतो. शेठ आत जेवतायत; अगदीच नड असेल तर वाकून या, नुसती साडी बघायची असेल तर चारनंतर या. एवढं सगळं मी एका शब्दाशिवाय सांगायचो. जाहिरातवाल्यांना हे अजून जमलेलं नाही.

एके वर्षी माझी एक स्प्रिंग तुटली आणि मी अर्ध्यावर थांबेनासा झालो, हळूहळू खाली सरकायचो. शेठनी स्प्रिंग बदलली नाही. त्यांनी कापड मोजायचा लोखंडी गज माझ्या तळपट्टीखाली उभा केला. सरकारी शिक्क्याचा, बरोबर एक मीटरचा.

"बघा," ते गिऱ्हाइकांना म्हणायचे, "अख्ख्या पेठेत एवढं मापात अर्धं शटर दुसरं नाही."

२००० साली जिनेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, दुकानाला काचेचं दार बसवलं. मला भंगारात द्यायचं चाललं होतं. शेठ आडवे आले. "ज्यानं दुकान राखलं ते घर राखील," म्हणाले. मला नव्या घराच्या गॅरेजला बसवण्यात आलं. मी फुगून गेलो. उरलेल्या दोन स्प्रिंगांवर फुगणं धोक्याचं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

आणि माझ्याबरोबर तो गजही घरी आला.

घरात अर्ध्या शटरची गरज काय, असं तुम्ही विचाराल. शेठना ती होती. पूर्ण उघडं ठेवलं की आतली मारुती दिसते, आणि मारुती दिसली की लोकांना कामं आठवतात. एकदा शेजारचे गेणभाऊ आले होते.

"शेठ, बेल्ह्याच्या बाजाराला गाडी द्या की. बैल बघायचाय."

"बैल बघायला मारुती?"

"मंग? बैलावर बसून बैल बघायला जाऊ काय?"

त्या दिवसापासून मी दुपारी अर्धा. पूर्ण बंद केलं तर शेठ गावात नाहीत असा बोभाटा व्हायचा; तोही त्यांना नको होता. ते स्वतः आत खाटेवर वारा घेत पडायचे.

घरातली माणसं वाकून ये-जा करू लागली. कंचनबाईंनी, म्हणजे शेठच्या पत्नीनं, दोनदा डोकं आपटून घेतलं आणि तिसऱ्यांदा शेठना सुनावलं, "अहो, हे घर आहे. मी काय गिऱ्हाईक आहे, वाकून यायला?" शेठ गालात हसले.

पण मोठ्यांची मला काळजी नव्हती. ज्याचं डोकं आपटतं तो मला विसरत नाही. काळजी होती ती खुशबूची. जिनेशची मुलगी, चार वर्षांची. ती माझ्याखालून न वाकता पळत जायची. तिच्या लेखी मी नव्हतोच. वर दोन थकलेल्या स्प्रिंगा, खाली एक गज, आणि मधून दिवसातून चाळीस वेळा ही पळणारी पोर. तिची आई चेतना स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि हातातलं काम थांबवायची.

तिनंच डिंगोऱ्याच्या हौशीराम फिटरला बोलावलं. त्यानं शिडी लावली, वर कान लावला, मला दोनदा वर-खाली केलं आणि खाली उतरून हात पुसले.

"शेठ, एक स्प्रिंग कवाच मेलीय. दुसरी बी चिरलीय. तिसरी एकटी वढतीय. खाचा कोरड्या ठाक पडल्यात, म्हनून तर ह्ये अजून दमानं सरकतंय."

"गज आहे ना खाली."

"गजावर इस्वास ठेवू नगा."

"अरे, सरकारी शिक्का आहे त्याच्यावर!"

"शिक्का मापाचा हाय, शेठ. पोरगी सांबाळीन म्हनून कुठं लिवलंय त्याच्यावर?"

चेतना पदर सावरत म्हणाली, "बाऊजी, बदलूनच टाकू या का?"

"दिवाळीनंतर बघू," शेठ म्हणाले. कोणत्या दिवाळीनंतर, ते त्यांनी सांगितलं नाही. हौशीराम शिडी घेऊन गेला.

मग ती मे महिन्यातली दुपार आली. गाडी घेऊन जिनेश मंचरला गेला होता. शेठ खाटेवर झोपले होते. खुशबू उंबऱ्यावर, बरोबर माझ्याखाली, दुकान-दुकान खेळत होती. माल म्हणजे आईची ओढणी. गिऱ्हाईक म्हणजे एक बाहुली, तीही घासाघीस करणारी. सगळं होतं, फक्त मोजायला गज नव्हता.

गज तिला समोरच दिसला.

तिनं दोन्ही हातांनी तो ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा निघाला.

मी थांबलो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. आत्मवृत्तात अशी सूट घेतात. पण मी थांबलो नाही. एकेक बोट खाली सरकू लागलो. खुशबूनं वर पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "दुकान बंद!" म्हणाली, आणि पाय पसरून तिथंच बसून ओढणी मोजायला लागली.

"बाऊजी! शटर!" चेतना स्वयंपाकघरातून ओरडत धावली. अंगण मध्ये होतं.

शेठना मी मोठ्यात मोठ्या गिऱ्हाइकासाठीही असं उठताना पाहिलेलं नव्हतं. खाट उलटली. पोरीला ओढायला वेळ नव्हता, हे त्यांना कळलं असावं. ते दोन्ही हात आणि गुडघे टेकून तिच्यावर ओणवे झाले. त्याच क्षणी वर पाइपात बार उडाल्यासारखा आवाज झाला. शेवटची स्प्रिंग गेली. मी होतो तेवढ्या वजनानिशी त्यांच्या पाठीवर आलो.

त्यांच्या पोटाखालून आवाज आला, "दादाजी, दुकान बंद झालं?"

"झालं, बेटा," शेठ म्हणाले. "तू बाहेर जा. आई आली बघ."

चेतनानं तिला पाय धरून ओढून काढलं. एक ओरखडा नव्हता. मला उचलायला गेणभाऊ धावले, बरोबर आणखी तिघं.

"आयला, लई जड हाय राव ह्ये!"

"वजन नंतर सांग, गेणू," खालून शेठ म्हणाले. "आधी उचल."

त्यांच्या दोन बरगड्यांना तडे गेले होते. ते सहा आठवडे अंथरुणावर होते. त्या काळात मला वर बांधून ठेवलं होतं, दोराने, गुन्हेगारासारखं. मारुती उघडी पडली. गेणभाऊ रोज समोरून जायचे, पण गाडी मागितली नाही. शेठची चौकशी करायचे आणि जायचे.

हौशीराम परत आला तेव्हा शेठना खुर्चीवर बसवून गॅरेजात आणलं होतं. मला वाटलं, आता हौशीराम टोचून बोलणार. तो काहीच बोलला नाही. त्यामुळे शेठच अस्वस्थ झाले.

"बोल की रे काहीतरी."

"काय बोलू? तुमी दिवाळी आलीकडं घेतली एवडंच."

शेठ हसायला गेले आणि बरगडी धरून थांबले. "दोन नव्या घाल," ते म्हणाले. "तिसरीचं बघू."

"तीनही," चेतना म्हणाली.

त्या घरात सुनेनं सासऱ्याचं वाक्य पुरं केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पुरं करताना ते बदललेलं तर नाहीच. शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग खुशबूकडे.

"तीनही घाल," ते म्हणाले. "ती म्हणते तसं."

हौशीरामनं तिन्ही स्प्रिंगा नव्या बसवल्या. दोन्ही बाजूंच्या खाचा पुसून तेल दिलं. मी पूर्ण वर गेल्यावर खाचांत घालायच्या दोन जाड पिना केल्या, म्हणजे उद्या स्प्रिंग तुटलीच तरी मी खाली येऊ नये. मग मला बरोबर अर्ध्यावर आणून हात सोडला. मी जागच्या जागी राहिलो. नऊ वर्षं दुकानात जे करून दाखवलं त्यापेक्षा मोठं काम मी त्या घडीला केलं, असं माझं मत आहे.

"आसं बिनकाठीचं ऱ्हायलं पायजे," हौशीराम म्हणाला. "म्हयन्यातून एकदा बगायचं. बगताना खाली कुनी नाय पायजे. सरकलं, तर मला सांगावा धाडा. टेकू लावायचा नाय. आन् येरवी एक तर पुरं वर, न्हाईतर पुरं खाली."

शेठ धर्मानं काटेकोर, धंद्यानं त्याहून. ते दर पौर्णिमेला मला तपासू लागले. चेतनानं उंबऱ्याच्या आत-बाहेर पिवळ्या रेघा ओढल्या. शटर हलत असेल तर रेघांच्या मध्ये कोणी नाही. पट्ट्यांच्या फटीत बोटं घालायची नाहीत. लोंबकळायचं नाही. मोठ्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. खुशबूनं नियम पाठ केले आणि घरातल्या मोठ्यांना ओरडण्यासाठी ते वापरले.

मी दिवसभर पूर्ण वर राहू लागलो. मारुती साऱ्या ओतूरला दिसू लागली. ती मढच्या एका बाळंतिणीला जुन्नरला घेऊन गेली, आणि अखेर गेणभाऊंनाही बेल्ह्याला. बैल त्यांना पसंत पडला नाही, हा भाग वेगळा.

यंदा समोर एका डॉक्टरांनी बंगला बांधला आणि गॅरेजला बटणावर चालणारं शटर बसवलं. जिनेशच्या मनात तसंच घ्यायचं आलं. शटर बसवणारा माणूस दाखवायला थांबला होता. शेठ काठी टेकत रस्ता ओलांडून गेले. मी इथून सगळं बघत होतो.

"खाली काही आलं की आपोआप थांबतं, शेठ," तो माणूस सांगत होता.

"काही म्हणजे काय? पोर?"

"पोर, मांजर, काहीही. गॅरंटी आहे."

शेठनी खिशातून रुमाल काढला, उंबऱ्यावर अंथरला आणि सत्तरीतलं ते शरीर हळूहळू त्यावर आडवं केलं. "दाबा बटण."

"शेठ, त्याची काही गरज..."

"असल्याच शटरखालून माझी नात जाणार आहे. आधी मी. दाबा."

त्या माणसानं हातातल्या बटणाकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. ऊन फार होतं, त्याला घाम आला होता. बटण काही दाबलं नाही. शेठनी मिनिटभर वाट पाहिली, मग जिनेशच्या हाताला धरून उठले आणि रुमाल झटकला. "तुम्हाला जेव्हा दाबावंसं वाटेल, तेव्हा मी घेईन," म्हणाले.

म्हणून मी अजून इथं आहे. गंजलोय, आवाज करतो, पण मागच्या पौर्णिमेला अर्ध्यावर बिनकाठीचा उभा राहिलो. हल्ली तपासणी अकरा वर्षांची खुशबू करते. चेतना मला अर्ध्यावर आणून सोडते, खुशबू रेघेबाहेर हाताची घडी घालून वीसपर्यंत मोजते. मला ती शाबासकी देत नाही. नुसती मान हलवते आणि अभ्यासाला जाते.

तुमच्याही घराला माझा एखादा भाऊबंद असेल, तर तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमच्या लोखंडाकडे बघून निर्धास्त होऊ नका. खाली येताना मला सगळं दिसतं. उंबऱ्यावर कोण बसलंय, किती लहान आहे, कशात रमलंय, सगळं. फक्त थांबता येत नाही. ते काम तुमचं.