गुडघाभर पाणी

"भाऊ, इथी चिखल तं नाई न?" पास्टर इसरूंनी तलावाच्या काठावरून विचारलं.

मनसारामने मान हलवली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून हातातली काठी पुढच्या खोल पाण्याकडे रोखली. तिथं खाली मुरूम आहे, पाय रुतत नाही, हे त्याला सांगायचं होतं. पण सांगणार कसं? तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने घसा पोखरला, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि गळ्याला श्वासापुरतं भोक ठेवलं. त्यात पाणी गेलं तर माणूस हातचा जाईल, असं बजावूनही सांगितलं. मासे धरणार्‍या ढिवराचा हा गडी चाळीस वर्षं याच तलावात बुड्या मारून अडकलेली जाळी सोडवत आला, आणि आता घरी आंघोळदेखील गळ्याखालूनच.

आज बाप्तिस्मा होता तो गिरजाबाईचा. येशूवर तिचा विश्वास बसून पुरते तीन महिनेही झाले नव्हते. मनसारामला अकरा वर्षं झाली होती.

इसरूंच्या प्रार्थनेला बसता बसता त्याची दारू सुटली, ती कायमची. विश्वास पक्का, पण पाण्यात उतरायचं म्हटलं की कारण हजर. पोरीचं लग्न होऊ द्या, म्हणाला. पोरगी दामिनी तेव्हा आठवीत! बाप्तिस्मा घेतला तर समाज वाळीत टाकील, पोरीला स्थळ मिळणार नाही, ही धास्ती. खरं तर त्याला कुणी चकार शब्दाने धमकावलं नव्हतं. भीती त्याची त्यानेच पाळली, पोसली. लग्न झालं, तर म्हणे पहिलं बाळंतपण होऊ द्या. नातू झाला त्याच पंधरवड्यात त्याचा आवाज बसला.

"पास्टर, डोक्यावर ओंजळभर पाणी टाकून नाई होत काय?" त्याच्या बायकोने, गोकुळाने, विचारलं. "दुसरीकडे करतेत म्हणते."

"करतेत बाई. आमच्या मंडळीत पूर्ण बुडवल्याबिगर नाई होत. मी वरच्या लोकायले दोनदा विचारलं." इसरू खाली पाहू लागले. "पण देव मन पाहते. भाऊचा विश्वास काय कमी आहे?"

"विश्वास तं होताच जी. त्याले बाप्तिस्मा पाहिजे होता."

 इसरू पाण्यात उतरले.

एवढ्यात जावई भूपेश तलावाच्या पाळीवरून खाली येताना दिसला.  मनसारामने ज्याच्यापासून सगळं लपवलं, तोच नेमका आज इथं! सासुरवाडीला आलेल्या भूपेशला घरी कुणी भेटलं नव्हतं, म्हणून तो शोधत आला होता.

"मामाजी, पुढं नोका जाऊ, पाणी खोल आहे," तो म्हणाला. मग सासर्‍याचा उतरलेला चेहरा पाहून जवळ आला. "काऊन घाबरून राह्यले? मले लग्नाआधीच माहीत होतं. आमच्या बाबाले बी. पोरीचा बाप दारू पेत नाई, प्रार्थनेले जाते, हे पाहूनच तं आमी हो म्हटलं."

मनसारामने तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा फुसफुसली. अकरा वर्षं, आणि कुणासाठी? त्याला ओरडून रडावंसं वाटलं. पण रडायलाही आवाज लागतो.

तिकडे गिरजाबाई काठावरच अडून बसली होती. जन्मात कधी घोट्यापुढे पाण्यात गेलेली नाही, पाय घसरला तर काय, म्हणत होती. मनसारामने काठी टाकली, काठाशी येऊन तिच्यापुढे हात धरला आणि एकेक पाऊल पारखत तिला आत आणलं. पाणी गुडघ्याला लागलं तसा तो थांबला. तिचा हात त्याने इसरूंच्या हातात दिला. ती पुढे गेली, मुरमावर नीट उभी राहिली.

इसरूंनी प्रार्थना म्हटली आणि तिला मागे वाकवून पाण्याखाली नेलं.

ती वर आली तेव्हा पाणी चहूकडे उडालं. मनसारामने झटकन गळ्यावर तळहात दाबला आणि तो दोन पावलं मागे सरला.