अमृतच्या पाटावर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्याच्या नावानं घागर भरायची आणि दुसऱ्या घरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं, ही गावाची रीत. तो जेवला की मेलेला जेवला. थोरल्या भावासाठी, अमृतसाठी, नवल सकाळपासून पितर शोधत फिरत होता. एकाचं पोट बिघडलं होतं, दुसरा चोपड्याला निघाला होता. शेजारचा भाईदासनाना तर खाटेवरून उठलाही नाही.

"तुन्ही मायले इचार," तो म्हणाला. "फाशी कशी टयनी ते."

अमृतचा खून करणाऱ्या पिंटूला धुळ्याच्या कोर्टानं फाशीची शिक्षा दिली होती, वरच्या कोर्टांनी ती कायम केली होती. गेल्या महिन्यात राज्यपालांनी ती बदलून जन्मठेप केली. का, ते गावापर्यंत आलं नाही. मग गावानंच कारण शोधलं. पावसाळ्यात एक सरकारी जीप नवलच्या मायच्या, झुंबरबाईच्या दारात थांबली होती आणि साहेबानं म्हातारीचं बोट धरून कशावर तरी टेकवलं होतं. तो माफीचा कागदच असणार, असं गावानं ठरवलं.

"अंगठा दिधा तिनी," नाना म्हणाला. "मी मन्हा डोयाघाई देखेल शे."

नवल तेव्हा रावेरला केळीच्या ट्रकवर होता. घरी पोचेपर्यंत शंका त्याच्याही मनात शिरली. माय हल्ली पिंटूला शिवीसुद्धा देत नव्हती. ती चुलीपाशी सांजोऱ्या तळत होती.

"माय, जीपवालासनी काय इचारं तुले?"

"ताप येस का, आसं." तिनं करंगळीशेजारचं बोट पुढे केलं. "सुई टोची, काचवर रगत लिधं. हिवतापवाला व्हतात."

"फाशीनं काहीच नही इचारं?"

"माले कोन इचारस रे?"

ती पुन्हा कढईकडे वळली. खरं बोलतेय की नाही, हे नवलला तिच्या पाठीवरून कळेना.

तेवढ्यात अंगणात सुकलाल आला. पिंटूचा बाप. खून झाल्यापासून पहिल्यांदाच. त्यानं वाकून झुंबरबाईच्या पायाला हात लावला.

"अक्का, तुम्ही अंगठा दिधा म्हनीसन मन्हा पोऱ्या जित्ता शे."

नवलनं मायकडे पाहिलं. तिनं पाय मागे घेतले.

"मी काहीच दिधं नही. माले इचारं असतं ते फाशीच मांगी असती."

सुकलाल समजल्यासारखा हसला. "बराबर शे. लोकेसमोर तुम्ही आसंच बोलशात."

झुंबरबाईनं पाट ओढला, पुढे ताट मांडलं.

"मी माफ करं ना? मंग बठ. मन्हा अमृतना पितर व्हय. जेव."

सुकलालनं पाटाकडे पाहिलं, मग ताटाकडे. हसू ओठांवरच राहिलं. मग एक चप्पल अर्धीच पायात अडकवून तो वाटेला लागला.

कुडापलीकडे खाट करकरली. जरा वेळानं भाईदासनाना दारात उभा होता.

"हात धुवाले पानी दे, नवल."

तो पाटावर बसला तेव्हा कुठे नवलच्या जिवात जीव आला. झुंबरबाईनं अमृतचं नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकला. नाना जेवू लागला. दोन सांजोऱ्या संपल्यावर मान वर न करता तो म्हणाला, "पन काय वं झुंबर, आम्हनं घर सोडीसन हिवतापवाला तुन्हाच घर कसा उनात?"

तिनं त्याच्या ताटात तिसरी सांजोरी टाकली.

"पितर जेवतांना बोलस नही, नाना."