एकच ठिपका

शुक्रवारी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने, सगळ्यांच्या 'नवी'ने, काचेची पट्टी दिव्याच्या निळ्या उजेडात धरली आणि तात्यांना हाक मारली. पट्टीवर एकच ठिपका होता, गोल आणि नीटस. तात्यांच्या पोटात आधीपासूनच दुखत होतं, आता जास्तच दुखायला लागलं.

तात्यांनी अजून पन्नाशीही गाठली नव्हती. पण दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे, म्हणून प्रयोगशाळेने त्यांना तात्या करून टाकलं होतं. तीन वर्षं ते या एकाच रेणूच्या मागे हात धुऊन लागले होते. साखरेच्या कडीला एक तुकडा जोडायचा. वरच्या बाजूने बसला तर रोगट पेशीला फसवणारं औषध, खालच्या बाजूने बसला तर कचरा. तात्यांच्या हातून दरवेळी दोन्ही निम्मेनिम्मे बनत. आणि ही कालची पोर चार महिन्यांत एकच ठिपका, म्हणजे एकच रूप, घेऊन उभी! प्रमुख बाई पूर्वी सकाळी आल्या आल्या तात्यांच्या टेबलाशी थांबत. हल्ली त्या सरळ नवीकडे जात, आणि तात्यांचा असा जळफळाट होई की तो घरी बायकोलाही सांगायची सोय नव्हती.

"कसं वाटतंय, तात्या?"

नवीने पट्टी ज्या बरणीत बुडवली होती तिच्यातल्या द्रावकाचा तात्यांनी वास घेतला आणि त्यांना सगळं उमगलं. या द्रावकात दोन्ही रूपं पट्टीवर बरोबरीने चढतात आणि एकाच जागी थांबतात. दुसऱ्यात चढवली की फारकत होते. पहिल्या वर्षी त्यांनीही हीच माती खाल्ली होती.

एक वाक्य पुरलं असतं. तात्यांनी नुसतं "हं" म्हणून पट्टी परत दिली. खात्री करणारं मोठं यंत्र महिनाभर बंद होतं, सगळी भिस्त या पट्टीवरच. जाऊ दे नमुना चाचणीसाठी रुग्णालयात, येऊ देत निकाल धड ना इकडचे ना तिकडचे, मग बघू बाई कुणाच्या टेबलाशी थांबतात. रुग्णांनी दिलेल्या पेशी एकाच चाचणीपुरत्या होत्या, हे मात्र त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

सोमवारी कुपी पाठवायच्या आधी बाईंनी नवीला विचारलं, यंत्र बंद असताना एवढी खात्री कशावरून?

"तात्यांनी पट्टी पाहिली ना. काहीच बोलले नाहीत."

बाई हसल्या. "मग झालं तर. चूक दिसून तात्या गप्प बसतील होय?" आणि कुपीवरच्या चिठ्ठीत 'तपासणारा' या शब्दापुढे त्यांनी तात्यांचं नाव लिहिलं.

आपल्या टेबलाशी हे ऐकणाऱ्या तात्यांना बसवेना. त्यांनी उठून कुपी हातात घेतली.

"पट्टी दुसऱ्या द्रावकात चढवायला हवी. यात दोन्ही आहेत." मग खाली बघून म्हणाले, "मला शुक्रवारीच दिसलं होतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. नवीने वही उघडली.

"कुठल्या द्रावकात, सर?" तिने विचारलं.