समोरच्या दारावरची नोटीस

बँकेची माणसं समोरच्या दारावर लिलावाची नोटीस चिकटवून गेली, तेव्हापासून श्रेयाला स्वतःचं दार उघडायचीही धास्ती वाटू लागली.

बजाजनगरातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट. एक तिचा आणि सुदर्शनचा, समोरचा मालनबाईंचा. दोन्ही घरांनी एकाच बँकेचं कर्ज घेतलं होतं. पहिली दोन वर्षं व्याज कमी, पुढं बाजाराप्रमाणं. ते 'पुढं' तेव्हा कुणी मनावर घेतलंच नव्हतं. शहर वाळूजकडं पसरत होतं, कंपन्यांत ओव्हरटाइम होता, आणि फ्लॅटचे भाव चढतच राहणार असं जो तो म्हणत होता.

दोन वर्षं सरली आणि हप्ता फुगला. त्याच साली पावसानं दगा दिला. कंपन्यांचं पाणी तोडलं, ओव्हरटाइम बंद झाला. मालनबाईंचे यजमान बद्रीनाथ ज्या वर्कशॉपात होते, त्याला तर टाळंच लागलं. त्यांचे हप्ते थकले. सुदर्शन अजून कसाबसा भरत होता, पण रात्र रात्र कूस बदलत पडायचा.

"बँकेनं विकण्याआधी आपणच विकू," तो म्हणाला. "कर्ज फिटलं तरी लई झालं."

गिऱ्हाईक यायचं, खोल्या बघून खूश व्हायचं आणि निघताना समोरची नोटीस वाचायचं. मग फोनच उचलायचं नाही.

शेवटी सखाराम नावाचा फिटर घर बघायला येणार म्हणून कळलं. त्या दुपारी श्रेया उलथनं घेऊन बाहेर आली आणि नोटिशीचा कोपरा खरवडू लागली. एवढ्यात आतून कडी वाजली. दारात मालनबाई!

"मावशी, मी..." श्रेयानं उलथनं पाठीमागं घेतलं.

"काढ गं. तुझं तरी विकू दे. कागद ठिवला म्हणून आमचं घर ऱ्हातंय व्हय?"

टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्यांनी आणलं. दोघींनी मिळून कागद भिजवून काढला.

सखाराम बायकोला घेऊन आला. त्याला घर पसंत पडलं, भावही जवळपास जुळला. सुदर्शनच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

"पैशाचं कसं करणार?" त्यानं विचारलं.

"कर्ज काढतोय ना. पहिली दोन वर्षं हप्ता हलका हाये म्हणं. पुढचं पुढं बघू."

सखारामची बायको स्वयंपाकघरात ओट्यावरून हात फिरवत होती.

"भाऊ, तसलं कर्ज नका घेऊ," श्रेया एकदम बोलून गेली. "आमचं त्याच्यापायीच विकायला निघालंय. समोरचं तर लिलावात चाललंय. दारावर नोटीस होती, मघाशी मीच काढली."

सखाराम चहा अर्धा ठेवून उठला.

"काय केलंस हे!" सुदर्शन एवढंच म्हणाला.

पुढच्या महिन्यात मालनबाईंचा फ्लॅट एका प्लॉटिंगवाल्यानं लिलावात मातीमोल भावानं घेतला. मालनबाई आणि बद्रीनाथ वैजापूरला भावाकडं गेले. त्यानंतर त्या इमारतीतल्या फ्लॅटचा भाव विचारायलाही कुणी फिरकलं नाही.

श्रेयानंच मग वाट काढली. सुदर्शनच्या कंपनीतल्या तीन पोरांना फ्लॅट भाड्यानं दिला आणि दोघं जवळच्याच रांजणगावात पत्र्याच्या खोलीत राहायला निघाले. भाडं आणि पगार मिळून हप्ता तेवढा भागणार होता.

टेम्पोत गादी चढवताना सुदर्शन म्हणाला, "त्या सखारामला सांगितलंस, ते बरं केलंस का वाईट, मला अजून उमगंना."

"मलाबी नाय," श्रेया म्हणाली आणि स्टोव्ह सांभाळत टेम्पोत चढली.